'शेशख' : नगरनाम आणि अक्षरविपर्यय

बायबलच्या जुन्या करारातील यिर्मयाच्या ग्रंथात 'शेशख' हे नाव दोन ठिकाणी (२५:२६ व ५१:४१) येते. 'बाबेल', म्हणजे बॅबिलोन, या नगरनामाचे ते सांकेतिक रूप होय. हा संकेत कसा सिद्ध होतो आणि तो गुप्ततेसाठी योजला होता असे म्हणता येईल काय, या दोन प्रश्नांचा येथे विचार करावयाचा आहे.

या पद्धतीस 'अत्बश' म्हणतात. हिब्रू वर्णमालेत २२ वर्ण असून ते सर्व व्यंजने आहेत. पहिल्या वर्णाच्या जागी शेवटचा, दुसऱ्याच्या जागी शेवटून दुसरा, असा हा विपर्यय असतो. आलेफ-ताव व बेथ-शिन या आरंभीच्या जोड्यांवरूनच हे नाव पडले. प्राचीन लेखनात स्वरचिन्हे नसल्याने 'बाबेल' हा शब्द ब-ब-ल असाच लिहिला जाई. 'ब' दुसरा वर्ण, त्याच्या जागी 'श'. 'ल' बारावा, त्याच्या जागी अकरावा 'क'. यातून श-श-क सिद्ध होते. स्वरानंतर येणाऱ्या या 'क'चा उच्चार 'ख' होतो, म्हणून 'शेशख'.

एकच उदाहरण असते तर तो योगायोग मानता आला असता. परंतु ५१:१ मधील 'लेब-कामाय' हे नाव ती शंका दूर करते. 'कस्दीम' (खास्दी लोक) या शब्दाचे पाचही वर्ण याच नियमाने बदलले असता हेच रूप मिळते. शिवाय त्यास स्वतंत्र अर्थही आहे : 'माझ्यावर उठणाऱ्यांचे हृदय'. येथे संकेत आणि श्लेष एकत्र आले आहेत.

बॅबिलोनच्या सत्तेच्या भयाने हे नाव झाकले, असे स्पष्टीकरण दिले जाते. ते टिकत नाही. ५१:४१ मध्ये 'शेशख' आणि 'बाबेल' एकाच वचनात येतात. ५१:१ मध्येही 'बाबेल' उघडपणे उच्चारलेले आहे. शिवाय प्राचीन ग्रीक भाषांतरात 'शेशख' दोन्ही ठिकाणी नाही. त्यामुळे ही योजना उत्तरकालीन लेखनिकांची असण्याची शक्यता संभवते. नगराच्या पाडावाचे भाकीत करणाऱ्या वचनांत त्या नगराचे नावच उलटे करणे, हा उपहास होय. अक्कादी भाषेत 'देवद्वार' असा अर्थ लावल्या गेलेल्या याच नावाचा संबंध उत्पत्तीच्या ग्रंथात (११:९) 'बालल' म्हणजे 'मिसळणे' या क्रियापदाशी जोडून त्यातून 'गोंधळ' हा अर्थ काढला आहे. दोहोंमागील वृत्ती एकच.

मराठीच्या अभ्यासकास येथे महानुभावांच्या सकळ, सुंदरी आदी लिप्यांचे स्मरण होईल. तेथे ग्रंथच्या ग्रंथ संकेतबद्ध आहेत आणि अन्यांपासून रक्षण हे त्याचे एक फलित आहे. यिर्मयात मात्र उघड्या संहितेत एखादाच शब्द संकेतबद्ध आहे. तेव्हा सांकेतिकता म्हणजे गुप्तता, हे समीकरण सरसकट स्वीकारता येत नाही; संकेताचे प्रयोजन संदर्भावरूनच ठरवावे लागते. मराठीत 'शेशख' असे केवळ लिप्यंतर केल्यास नाद उरतो, उपहास हरवतो. तो वाचकापर्यंत पोचवावयाचा, तर भाषांतरास टीपेची जोड हवीच.