छोट्या मोटारीचे इंजिन

गावात कोणी जुनी छोटी मोटार घेतली की चार माणसे भोवती गोळा होतात. कोणी दार उघडून बघतो. कोणी हॉर्न वाजवतो. मग एक जण हमखास विचारतो, "गाडी झ्याक आहे. पण इंजिन एवढंसं! कोकणातून येताना करूळचा घाट चढंल का?"

प्रश्न रास्त आहे. गाडीला कष्टाचे पैसे पडतात. रात्री-अपरात्री बाळंतिणीला दवाखान्यात न्यायचे, तर त्याच गाडीवर भरवसा ठेवावा लागतो. म्हणून इंजिन कसे चालते आणि कशाने बिघडते, हे समजून घेऊ या.

चार कामे

सायकलचा पंप तुम्ही मारला असेल. पंपाच्या नळीत दट्ट्या वरखाली होतो. इंजिनातही तसेच असते. नळीला सिलिंडर म्हणतात. दट्ट्याला पिस्टन म्हणतात. हा दट्ट्या चार कामे करतो.

पहिले काम ओढण्याचे. दट्ट्या खाली येतो. हवा आणि पेट्रोल आत ओढले जाते.

दुसरे काम दाबण्याचे. दट्ट्या वर जातो. आतली हवा आणि पेट्रोल दाबले जाते.

तिसरे काम पेटण्याचे. प्लगमधून ठिणगी पडते. पेट्रोल भडकते. त्या जोराने दट्ट्या खाली ढकलला जातो. गाडीला ताकद मिळते ती याच कामातून.

चौथे काम फेकण्याचे. दट्ट्या पुन्हा वर जातो आणि जळका धूर बाहेर टाकतो.

दट्ट्याला खाली दांडा असतो. आपण पायाने सायकलचे पायडल मारतो, तसा हा दांडा इंजिनाचा क्रँक फिरवतो. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा चार कामे पुरी होतात. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे घेत असेल, तर एका सिलिंडरात मिनिटाला दीड हजार वेळा पेट्रोल पेटते!

शेतावरचे डिझेलचे इंजिन याच जातीचे. पण त्यात प्लग नसतो. तिथे हवा फार जोराने दाबतात. ती इतकी तापते की तेल आपोआप पेटते. म्हणून ते इंजिन दणकट आणि जड करावे लागते. पेट्रोलचे इंजिन त्याहून हलके होते. छोट्या गाडीला ते सोयीचे.

लहान म्हणजे दुबळे नव्हे

छोटी मोटार आपल्या जिल्ह्याला नवी नाही. इचलकरंजी हे मागांचे गाव. तिथल्या शंकरराव कुलकर्णी यांनी स्वतःच्या हिकमतीने छोटी मोटार बनवली. पहिली गाडी १९४९ साली झाली. तिचे नाव 'मीरा'. पुढे कित्येक वर्षे ते तिच्यात सुधारणा करत राहिले. पण मीरा बाजारात विक्रीला कधी आली नाही.

मग १९८३ च्या डिसेंबरात मारुती ८०० आली. तिच्या इंजिनात तीन सिलिंडर. तिन्हींची जागा मिळून ७९६ घन सेंटिमीटर. म्हणजे लिटरचे मापही पुरते भरणार नाही. तरी अशा पंचवीस लाखांहून जास्त गाड्या तयार झाल्या. २०१४ साली ती बनवणे बंद झाले. पण जुन्या गाड्या अजून रस्त्यावर दिसतात.

हे कसे जमले? गाडी हलकी, म्हणून इंजिनावर ओझे कमी. यंत्र साधे, म्हणून दुरुस्ती सोपी. घाटात खालचा गिअर टाकला की गाडीचा वेग कमी होतो, पण चाकाला जोर मिळतो. बेताची माणसे बसवली तर असले इंजिन घाट चढते.

इंजिन कशाने मरते?

एक म्हातारे मिस्त्री गिऱ्हाइकाला सांगायचे, "इंजिन चालून मरत नाही बाबा. तहानेने मरतं."

पेट्रोल जळून जी उष्णता होते, तिचा जेमतेम पाव हिस्सा चाकाला मिळतो. बाकीची नुसती तापवते. ती काढून नेण्यासाठी पाणी फिरत असते. पाणी आटले की इंजिन तापते. वरचा हेड वाकडा होतो. मधले गॅस्केट जळते. खर्च मोठा येतो. म्हणून तापाचा काटा वर गेला किंवा लाल दिवा लागला, की गाडी बाजूला घ्या. इंजिन बंद करा. "घर आलंच की जवळ," असे म्हणून पुढे रेटू नका.

आणि गरम रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नका. आत दाबलेले उकळते पाणी असते. ते तोंडावर उडते. पुरते गार होऊ द्या.

दुसरी तहान ऑइलची. ऑइल नसेल तर लोखंडावर लोखंड घासते आणि दट्ट्या अडकून बसतो. गाडी सपाट जागी उभी करा. इंजिन बंद करून दहा मिनिटे थांबा. ऑइलची पट्टी काढा, पुसा, पुन्हा बुडवून बघा. ऑइल दोन खुणांच्या मध्ये असावे.

धूर काय सांगतो?

धूर निळा असेल तर ऑइल जळते आहे. काळा असेल तर पेट्रोल जास्त जाते आहे. गरम झाल्यावरही पांढरा दाट धूर येत राहिला, तर पाणी आत शिरत असावे. जुनी गाडी घेताना हे आधी पाहा.

धुरात एक विषारी वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. बंद खोलीत इंजिन चालू ठेवले, तर माणूस झोपेतच दगावतो. इंजिन नेहमी उघड्यावर चालू करा.

ऑइल कधी बदलावे, कोणते घालावे, हे गाडीच्या पुस्तकात छापलेले असते. ऑइलच्या डब्यावरही लिहिलेले असते. आजवर आपण मिस्त्री सांगेल तेच खरे मानले. मिस्त्रीला जरूर विचारा. पण आता तुम्हाला वाचता येते. डबा हातात घ्या, आणि आधी स्वतः वाचा.