युक्तीची मालकी : एका पिस्तुलाची आणि एका रायफलीची गोष्ट

सरकारी कचेरीच्या किंवा पोलीस ठाण्याच्या दाराशी लाकडी दस्त्याची लांब रायफल घेऊन उभा असलेला शिपाई आपण सर्वांनी पाहिला आहे. देवळालीला तोफखान्याची शाळा आणि त्र्यंबक रस्त्यावर पोलीस अकादमी असल्याने नाशिकच्या मुलांच्या कानावरून तर ‘एसएलआर’ हे नाव सहज गेलेले असते. एसएलआर म्हणजे सेल्फ लोडिंग रायफल. एक गोळी उडाली की पुढचे काडतूस आपोआप नळीत येऊन बसते. ही रायफल भारतात तयार झाली, तिच्या आराखड्याचे काम पुण्यात झाले, पण मूळ रचना होती बेल्जियममधल्या एका कारखान्याची. त्यावरून वाद झाला. हा वाद समजून घेतला तर पेटंट कशाचे मिळते आणि कशाचे मिळत नाही, हेही उलगडते.

आधी थोडे विज्ञान पाहू. गोळी उडते तेव्हा जळलेल्या दारूपासून झालेल्या वायूचा दाब वातावरणाच्या दाबाच्या हजारो पट असतो. गोळी नळीबाहेर पडून हा दाब उतरेपर्यंत नळीचे मागचे तोंड घट्ट बंद राहिले पाहिजे. ते लवकर उघडले, तर काडतुसाचे टरफल फाटून वायू बंदूक चालवणाऱ्याच्या तोंडावर येईल. दाब उतरल्यावर मात्र तेच तोंड क्षणात उघडून रिकामे टरफल बाहेर टाकले गेले पाहिजे. ही अट निसर्गाने घातलेली आहे. तिच्यावर कोणीही मालकी सांगू शकत नाही.

ती अट पुरी करण्याच्या युक्त्या मात्र अनेक असतात. घराचे दार आतून बंद राहावे ही गरज एकच, पण त्यासाठी कडी आहे, अडसर आहे, खिट्टी आहे. ‘दार बंद ठेवणे’ या गोष्टीचे पेटंट मिळत नाही. ते करण्याच्या एखाद्या नव्या, विशिष्ट रचनेचे मिळते. पेटंटाला मराठीत ‘एकस्व’ असा शब्द आहे. तो एक सौदा असतो. संशोधकाने आपली युक्ती सर्वांना कळेल अशी लिहून द्यायची आणि त्या बदल्यात सरकारने ठरावीक वर्षे ती वापरण्याचा हक्क त्याच्याकडे राखून ठेवायचा. मुदत संपली की युक्ती सर्वांची.

या सौद्याचे एक गमतीदार उदाहरण जॉन ब्राउनिंग या अमेरिकी संशोधकाच्या बाबतीत घडले. त्याने तयार केलेल्या पिस्तुलाचे अमेरिकी पेटंट फेब्रुवारी १९११ मध्ये मंजूर झाले. त्याचे हक्क त्याने कोल्ट या कंपनीला दिले होते. पुढे बेल्जियममधील एर्स्टाल येथील ‘एफएन’ या कारखान्यासाठी तो नवे पिस्तूल रचू लागला, तेव्हा अडचण उभी राहिली ती त्याच्याच जुन्या पेटंटांची! स्वतःच्या डोक्यातून निघालेल्या युक्त्या त्याला वापरता येईनात. तेव्हा त्याने वेगळ्या वाटा शोधल्या. १९२६ साली त्याचे निधन झाले आणि हे काम द्यूदोने सेव्ह या एफएनच्या अभियंत्याने पुढे नेले.

अमेरिकेत त्या काळी पेटंटाची मुदत मंजुरीपासून १७ वर्षांची होती. १९११ मध्ये १७ मिळवा, उत्तर येते १९२८. नेमक्या त्याच वर्षी सेव्हने कोल्टच्या पिस्तुलातील काही सोयी, उदाहरणार्थ पिस्तूल सुटे करण्याची पद्धत, आपल्या आराखड्यात घेतल्या. मात्र कोल्टमध्ये नळीचा मागचा भाग खाली ओढण्यासाठी झुलणारा दुवा होता, त्याच्या जागी नव्या पिस्तुलात तिरका उतार आला. तो अधिक साधा आणि मजबूत ठरला, म्हणून मुदत संपल्यावरही तोच ठेवला गेला. १३ गोळ्यांचे हे पिस्तूल १९३५ साली बेल्जियमच्या सैन्याने स्वीकारले. पुढे बंगालमधील इशापूरच्या रायफल कारखान्यात तेच ‘९ मिमी १ए’ या नावाने तयार झाले आणि भारतीय अधिकाऱ्यांच्या कमरेला लागले.

याच सेव्हने दुसऱ्या महायुद्धानंतर एफएनसाठी ‘एफएएल’ ही रायफल रचली. तिच्या नळीला वरच्या बाजूस एक बारीक छिद्र असते. गोळी त्यापुढे गेली की थोडा वायू छिद्रातून वर येऊन दट्ट्याला मागे ढकलतो. दट्ट्यामुळे वाहक मागे सरकतो आणि तिरके होऊन अडकलेले बंदपट्ट उचलले जाऊन सुटते. हाच तो अडसर! ही रायफल जगातील ९० च्या आसपास देशांनी वापरली.

भारतालाही जुन्या ली-एनफिल्ड रायफलींच्या जागी नवी रायफल हवी होती. पुण्याच्या आयुध संशोधन व विकास आस्थापनेने, म्हणजे एआरडीईने, बेल्जियन, ब्रिटिश आणि ऑस्ट्रेलियन नमुने सुटे करून तपासले. परवान्याच्या अटींवरून एफएनशी बोलणी फिसकटली, तेव्हा भारताने आपलाच आराखडा तयार करून ‘१ए१’ ही रायफल इशापूरला बनवायला सुरुवात केली. १९६३ पासून ती सैन्यात आली. हे कळताच एफएनने आपल्या हक्कांचा भंग झाल्याचा आक्षेप घेतला. अखेर एफएनकडून आणखी रायफली विकत घेण्याचे भारताने मान्य केले आणि वाद तडजोडीने मिटला.

येथे शिक्षकांनी लक्षात घ्यावी अशी एक गोष्ट आहे. नमुना हातात आहे म्हणजे ज्ञान हाती आले असे नाही. भाग मोजता येतो, पण त्या मापात किती सूक्ष्म फरक चालेल, पोलाद किती तापवून कसे थंड करायचे, हे नुसत्या मोजमापाने कळत नाही. ते स्वतः प्रयोग करून शोधावे लागते किंवा परवान्यासोबत विकत घ्यावे लागते. शिवाय मूळ रायफल मेट्रिक मापांत होती, तर ब्रिटिशांनी तिची रेखाचित्रे इंचांत नव्याने काढली होती. त्यामुळे एकाच रायफलीच्या दोन नमुन्यांचे काही सुटे भाग एकमेकांना बसत नसत. पुण्याच्या तंत्रज्ञांपुढे हे दोन्ही नमुने होते. भारतीय रायफलीच्या दस्त्याला त्यांनी जुन्या ली-एनफिल्डची तळपट्टी बसवली. ती त्या वेळी घरचीच, सवयीची वस्तू होती.

आता कायद्याकडे वळू. आपल्या १९७० च्या पेटंट कायद्यानुसार सरकार स्वतःच्या कामासाठी पेटंट असलेली वस्तू वापरू शकते. साधारणपणे त्यासाठी हक्कदाराला मोबदला द्यावा लागतो. संरक्षणाशी संबंधित शोध असेल, तर तो प्रसिद्ध न करण्याचा आदेशही निघू शकतो. म्हणजे ‘लिहून द्या आणि हक्क घ्या’ हा सौदा तेथे स्थगित होतो. आज पेटंटाची मुदत अर्जापासून २० वर्षे आहे. वस्तूच्या बाह्य रूपाला मात्र वेगळे, डिझाइनचे संरक्षण मिळते. २००० च्या डिझाइन कायद्याप्रमाणे त्याची मुदत १० वर्षे असून ती आणखी ५ वर्षे वाढवता येते. दस्त्याचा डौल हे डिझाइन, तर दट्ट्याची युक्ती हे पेटंट.

त्या वेळी आधी रायफल झाली आणि तडजोड नंतर. डिसेंबर २०२१ मध्ये रशियाशी ६ लाखांहून अधिक ‘एके-२०३’ रायफलींचा करार झाला, तेव्हा तंत्रज्ञान देण्याच्या अटी आधी ठरल्या आणि उत्तर प्रदेशात अमेठी जिल्ह्यातील कोरवा येथे उत्पादन त्यानंतर सुरू झाले. दोन्ही मार्गांत किंमत मोजावी लागतेच. फक्त स्वतःची नवी युक्ती काढणाराच त्यातून सुटतो, आणि त्यासाठी आधीच्या युक्त्या नीट वाचाव्या लागतात. पेटंटाचे कागद सर्वांना खुले असतात ते याचसाठी.

वर्गात यासाठी बंदुकीची गरज नाही. मुलांना आपापल्या घरातील दारे-खिडक्या बंद ठेवण्याच्या जितक्या रचना सापडतील, त्यांची चित्रे काढून आणायला सांगा. प्रत्येक चित्राखाली दोन ओळी लिहायच्या : गरज कोणती आणि युक्ती कोणती. मग एक अट घाला. फळ्यावर आलेली एकही युक्ती न वापरता दार बंद ठेवून दाखवायचे. त्या तासाला ब्राउनिंगपुढची अडचण मुलांना न सांगता कळेल.