उंबराचे फूल

क्वचित दर्शन देणाऱ्या मनुष्यास ‘उंबराचे फूल’ म्हणण्याची रीत आपल्याकडे आहे. त्यावरून उंबरास फूल येतच नाही, अशी मुलांची समजूत होते. वस्तुतः कोवळे हिरवे उंबर चाकूने उभे चिरले असता आत शेकडो सूक्ष्म फुले दाटीने बसलेली आढळतात. ज्यास आपण फळ म्हणतो, ते फुलांचे मिटलेले घरच होय. तेथे वाऱ्याचा अथवा मधमाशीचा प्रवेश नाही. मग परागीभवन कसे घडते?

हे कार्य गांधीलमाशीच्या कुळातील, परंतु चिलटाएवढा असा एक कीटक करतो. त्याची मादी उंबराच्या टोकाशी असलेल्या बारीक छिद्रातून आत शिरते. वाट इतकी अरुंद असते की, तिचे पंख तेथेच तुटतात. दुसऱ्या उंबरातून आणलेले पराग ती फुलांवर घालते, काही फुलांत अंडी घालते व आतच मरते. ज्या फुलात अंडे पडते तेथे अळी वाढते. इतर फुलांत बी धरते. वृक्षाने आपल्या फुलांचा काही वाटा कीटकास द्यावा आणि त्याबदली परागाची ने-आण करवून घ्यावी, असा हा रोखठोक व्यवहार आहे. यात उपकार कोणाचा नाही.

पुढील पिढीत प्रथम नर बाहेर येतात. त्यांस पंख नसतात. माद्यांशी संयोग झाल्यावर ते उंबराच्या भिंतीस भोक पाडतात आणि मरतात. ‘उंबरातले किडे’ हा शब्दप्रयोग नरांस शोभतो, माद्यांस नव्हे. कारण त्या तोवर पक्व झालेल्या पुंपुष्पांतील पराग घेऊन त्याच भोकातून उडून जातात. त्यांचे आयुष्य जेमतेम एक-दोन दिवसांचे. एका झाडावरील उंबरे बहुधा एकदमच पिकतात, म्हणून त्यांस कोवळी उंबरे असलेले दुसरे झाड गाठावे लागते. ओढ्याकाठचा एक उंबर तोडला म्हणजे पलीकडच्या शिवारातील कीटकांचा मुक्काम मोडतो, तो असा.

अंजीर हे उंबराचेच भावंड. कॅलिफोर्नियात लावलेल्या स्मर्ना जातीच्या अंजिरांची फळे कित्येक वर्षे कोवळेपणीच गळून पडत. 1899 साली रानअंजिरातील कीटक तेथे वसविण्यात आले, तेव्हा फळ टिकू लागले. (पुरंदरकडील अंजिरास मात्र कीटकाची गरज पडत नाही.)

कीटक निघून गेल्यावर उंबर लाल व गोड होते. मग हारीत, तांबट, बुलबुल, वटवाघळे ते खातात व बी दूर टाकतात. विहिरीच्या कठड्यातील उंबर कोणी लावलेले नसते.

शिक्षकांनी पिकण्याच्या बेतास आलेली चार-पाच उंबरे काचेच्या बरणीत घालून तोंडास पातळ फडके बांधावे. एक-दोन दिवसांत कीटक बाहेर पडू लागतात. ते भिंगाखाली दाखवून झाल्यावर बरणी उंबराखाली नेऊन उघडावी.