‘शिक्षा’ शब्दाचे दोन अर्थ
हिंदी पत्रांतील ‘शिक्षामंत्री’ हें पद वाचून मराठी मुलांस हंसूं येतें. कारण आपल्याकडे शिक्षा म्हणजे दंड. वस्तुतः ‘शक्’ धातूच्या इच्छार्थक रूपापासून हा शब्द निघाला. समर्थ होण्याची इच्छा हा त्याचा मूळ भाव. सहा वेदांगांपैकीं वर्णोच्चार शिकविणारें अंग तें शिक्षाच. हिंदी-बंगालींत विद्येचा अर्थ टिकला. मराठी, कानडी व तेलुगु या भाषांत मात्र दंडाचा अर्थ रूढ झाला. ‘शास्’ धातूचेंही तसेंच: शास्त्र व शिष्य हे शब्द त्याचेच, आणि शासनही त्याचेंच. विद्येच्या पाठीस लागलेली छडी अशी भाषेंतही दिसते. घरीं मुलांस शिकवितांना पालकांनीं या शब्दाचा मूळ अर्थच ध्यानीं धरावा, असें आम्हांस वाटतें. मूल समर्थ व्हावें, एवढाच शिक्षेचा हेतु होता.