कोडे एकच, किमती अनेक

वार्षिक परीक्षा आटोपून सुटी लागली की मध्यमवर्गीय घरांतून एक जुनाच संवाद नव्याने ऐकू येतो. मुलाला रुबिक क्यूब हवा असतो. तोही साधा नव्हे, वर्गमित्राकडे आहे तसा, आत चुंबक बसविलेला, पाच-सहा हजार रुपयांचा. वडील स्टेशनबाहेरच्या फुटपाथवरून शंभर रुपयांचा क्यूब आणून देतात आणि प्रश्न मिटला असे समजतात. वस्तुतः तो तेथेच सुरू होतो. चार दिवसांची नवलाई म्हणून बाजारात आलेली वस्तू पन्नासपट किमतीला घेणे हा निव्वळ वेडेपणा आहे काय? ठराविक पगारात घर चालविणाऱ्या कुटुंबाला असे निर्णय वर्षातून अनेकदा घ्यावे लागतात आणि ते बहुधा अंदाजानेच घेतले जातात.

बुडापेस्ट येथील अध्यापक एर्नो रुबिक यांनी १९७४ साली हा घन प्रथम तयार केला, तेव्हा तो लाकडी ठोकळे आणि रबरी पट्ट्या यांचा होता. १९७७ मध्ये तो हंगेरीतील दुकानांत आला आणि १९८० पासून जगभर पसरला. १९८२ च्या अखेरीस मात्र मागणी अशी कोसळली की, हे खूळ संपले असेच व्यापाऱ्यांना वाटले. ते संपले नाही, याचे कारण त्या कोड्यातच आहे. बाहेरून दिसणाऱ्या २६ तुकड्यांच्या या घनाच्या शक्य रचनांची संख्या ४३ वर १८ शून्ये मांडल्यावर जी होईल तिच्याहूनही थोडी अधिक भरते. ही संख्या फुटपाथवरच्या क्यूबमध्ये जेवढी आहे तेवढीच महागड्या क्यूबमध्येही आहे. १९९५ साली अमेरिकेत सोन्याच्या कोंदणात माणके, पाचू आणि अ‍ॅमेथिस्ट जडवून एक क्यूब तयार करण्यात आला. तो प्रत्यक्ष फिरतो, आणि त्याची किंमत तेव्हा सुमारे १५ लाख डॉलर सांगितली गेली. त्यातही कोडे तेच. तेव्हा अधिक पैसे मोजणारा ग्राहक कोड्यासाठी ते मोजत नसतो, हे आधी ध्यानात घ्यावयास हवे.

मग तो कशासाठी मोजतो? याचे उत्तर घनाच्या पोटात आहे. सहा बाजूंचे मधले तुकडे आतल्या गाभ्याला स्क्रू आणि स्प्रिंग यांनी जोडलेले असतात. स्प्रिंगचा ताण योग्य असेल आणि तुकड्यांच्या कडा नीट गोलावलेल्या असतील, तर एक थर पुरता जुळण्याआधीच दुसरा फिरविता येतो. हलक्या क्यूबमध्ये हे साधत नाही. तो अडतो, जोर लावला की तुकडा निखळून हातात येतो, आणि रंगीत कागद महिन्याभरात सुटू लागतात. तीन-चारशे रुपयांच्या क्यूबमध्ये हे दोष बहुतांशी दूर झालेले असतात. त्यापुढच्या किमतीत तुकड्यांच्या आत एकूण ४८ बारीक चुंबक बसवितात, त्यामुळे प्रत्येक थर आपल्या जागी अलगद येऊन थांबतो. एकेकाळी केवळ सर्वांत महाग क्यूबमध्ये असलेली ही सोय आता मधल्या किमतीतही मिळू लागली आहे. नवलाईच्या वस्तूंचा हा जुनाच क्रम आहे. प्रारंभीचा ग्राहक संशोधनाचा खर्च उचलतो, आणि मागाहून येणाऱ्याला त्याचे फळ स्वस्तात मिळते.

‘महंगा रोए एक बार, सस्ता रोए बार बार’ ही हिंदी म्हण अशा वेळी हमखास सांगितली जाते. शंभर रुपये आणि चारशे रुपये यांच्यामध्ये ती खरी आहे. चारशे आणि पाच हजार यांच्यामध्ये ती खोटी ठरते. घटत्या उपयोगितेचा नियम शिकविताना अध्यापक भाकरीचे उदाहरण देतात, त्याऐवजी हे द्यावयास हरकत नाही. १९८२ साली बुडापेस्ट येथील पहिल्या जागतिक स्पर्धेत मिन्ह थाय याने २२.९५ सेकंदांत घन सोडविला, तर २०२३ च्या जूनमध्ये मॅक्स पार्क याने ३.१३ सेकंदांत. या प्रगतीत उपकरणाचा वाटा निश्चित आहे; पण पद्धती सुधारल्या आणि सरावही अफाट वाढला. शिवाय जो मुलगा अद्याप दोन मिनिटे घेतो, त्याला चुंबकाने वाचणाऱ्या अर्ध्या सेकंदाचा काय उपयोग?

थॉर्स्टाइन व्हेब्लेन यांनी १८९९ मध्ये हाती घडविलेला चांदीचा चमचा आणि यंत्रावरचा अ‍ॅल्युमिनियमचा चमचा यांची तुलना करून दाखविले होते की, दोन्ही तोंडापर्यंत घास सारखाच पोचवितात. फरक पडतो तो पाहणाऱ्याच्या नजरेत. वर्गातील बाकावर ठेवलेला महाग क्यूब नेमके हेच काम करतो. त्यात मुलाला दोष देण्यात अर्थ नाही. मोठ्यांच्या मनगटावरील घड्याळे वेगळे काही करीत नसतात.

किमतीचा आणखी एक भाग असा आहे, ज्याच्याशी दर्जाचा काहीएक संबंध नाही. हे क्यूब मुख्यतः चीनच्या ग्वांगडोंग प्रांतात तयार होतात. खेळण्यांवरील आयातशुल्क भारताने २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के केले. देशी कारखान्यांना आधार मिळावा हा त्यामागील हेतू समजण्यासारखा आहे. मात्र आयात केलेला क्यूब महाग आहे म्हणून तो तितक्याच पटीने चांगला, हा समज त्यामुळे टिकत नाही. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर बंधनकारक झालेले आयएसआय चिन्हही सुरक्षिततेची हमी देते, घन सहज फिरेल याची नव्हे.

तथापि खरी हानी उधळपट्टीपेक्षा चुकीच्या काटकसरीत होते, आणि तिचा हिशेब कोणी मांडीत नाही. अडणाऱ्या क्यूबशी आठवडाभर झटून मुलगा तो कपाटात टाकून देतो. घरचे म्हणतात, पाहा, नव्याचे नऊ दिवस! मुलगा त्याहून वाईट निष्कर्ष काढतो: हे आपल्या बुद्धीला झेपणारे नाही. दोष स्प्रिंगचा असतो, शिक्का बुद्धीवर बसतो. दोन-तीनशे रुपये वाचविण्याच्या नादात हा निकाल विकत घेतला जातो.

ग्राहकाची अडचण अशी की, दुकानातील क्यूब वेष्टनात बंद असतो. आतील यंत्रणा विक्रेत्याला ठाऊक, ग्राहकाला अज्ञात. अशा बाजारात काय घडते ते जॉर्ज अ‍ॅकरलॉफ यांनी १९७० मध्ये जुन्या मोटारींच्या उदाहरणाने दाखविले. माहितीअभावी ग्राहक किमतीलाच दर्जाची खूण मानू लागला की, महाग ते चांगलेच असणार या समजुतीवर विक्रेत्याचे आयते फावते. यावर उपाय दुकानात नाही. शाळेत किंवा शेजारी ज्याच्याकडे चांगला क्यूब असेल, त्याच्याकडून तो अर्धा तास मागून घ्यावा, आणि एक थर अर्धवट ठेवून दुसरा फिरवून पाहावा. तो कोठे अडतो आणि कोठे सरकतो, हे मुलाच्या बोटांना वडिलांच्या आधी कळेल.