सपाट फरशी, चार काटे आणि एक रेसकार

लुनावाल्या कायनेटिक इंजिनिअरिंगचा कारखाना नगरचा. लष्करी वाहनांना तावून-सुलाखून घेणारी डीआरडीओची व्हीआरडीई ही संस्थाही नगरचीच. एवढी गाड्यांची जाण असलेल्या या जिल्ह्यातल्या मुलांनी सिंगल-सीटर रेसिंगकडे वळावं, असं मला मनापासून वाटतं. आणि त्याची सुरुवात स्टेअरिंगपासून नव्हे, पान्यापासून व्हावी.

एलजीबी फॉर्म्युला 4 हा वर्गच बघा. कोइमतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर रांगेत उभ्या राहणाऱ्या या गाड्या एकसारख्या, इंजिनं मारुतीची, 1300 सीसीची. मग फरक पडतो कुठे? चालवणाऱ्यात आणि गाडी लावणाऱ्यात, म्हणजे तिची जुळणी बसवणाऱ्यात.

गाडी लावायची तर आधी फरशी पाण्याच्या पातळीइतकी सपाट हवी. टायरमध्ये हवा ठरल्याप्रमाणे भरायची, चालकाला सीटवर बसवायचं, वळणात गाडीचा झुकाव रोखणारा अँटी-रोल बार सोडवायचा आणि चारही चाकांखाली वजनकाटे सरकवायचे. समजा, एकूण वजन 500 किलो भरलं आणि पुढचं डावं व मागचं उजवं चाक मिळून 260 आले. म्हणजे एका कर्णावर 52 टक्के. अशी गाडी डाव्या वळणात मागून निसटू पाहते, उजव्या वळणात तिचं नाक बाहेर जातं. चालक बिचारा स्वतःलाच दोष देत बसतो!

उपाय स्प्रिंगला टेकू देणाऱ्या, फिरवता येणाऱ्या चकतीत. पुढची डावी चकती सैल केली की त्या चाकावरचा भार उतरतो, पण त्याच कर्णावरच्या मागच्या उजव्या चाकावरचाही उतरतो आणि उरलेल्या दोघांवर चढतो. सगळा फेर एकाच कोपऱ्यावर घातला तर गाडीची उंची बिघडते, म्हणून तो चारही ठिकाणी थोडा थोडा वाटतात. डाव्या-उजव्या बाजूच्या वजनाची बेरीज मात्र यानं हलत नाही; त्यासाठी बॅटरीसारखी जड वस्तूच दुसरीकडे न्यावी लागते.

नंतर टो, म्हणजे चाकाचं तोंड किती आत किंवा बाहेर वळलंय ते. गवंडी भिंतीला दोरी लावतो तशी गाडीच्या दोन्ही बाजूंना समांतर दोरी ताणायची आणि रिमच्या पुढच्या व मागच्या कडेपासूनचं अंतर पोलादी पट्टीनं मोजायचं. अर्ध्या मिलिमीटरचा फरकही इथे सोडायचा नाही. महागडं यंत्र नसलं तरी चालतं.

खरा निकाल पिटमध्ये लागतो. काही फेऱ्या मारून गाडी थांबताच टायरच्या रबरात सुई खुपसून आतल्या कडेचं, मधलं आणि बाहेरच्या कडेचं तापमान घेतात. मधला भाग जास्त तापला असेल तर हवा जास्त झाली. आतली कडच फार तापली तर कॅम्बर, म्हणजे चाकाचा वरून आत झुकलेला कल, जास्त. आकडे लगेच वहीत उतरवायचे, आणि पुढच्या फेऱ्यांआधी बदल एकच करायचा. दोन केले, तर कशामुळे वेळ कमी झाला ते कळत नाही.