कॅलिपर नवे, पण ब्रेक 'पोकळ'?

नवे कॅलिपर बसले, हवा काढायच्या निपलमधून कितीही ब्रेक ऑइल काढले, तरी पेडल स्पंजासारखे दबतेच. अशा वेळी अनुभवी मेकॅनिक आधी निपल कुठे आहे ते पाहतो. ते वरच्या टोकाला हवे. डावा-उजवा कॅलिपर अदलाबदल होऊन बसला, तर निपल खाली जाते आणि हवा वरच अडकून राहते. ही चूक वाटते त्यापेक्षा बरीच सर्रास होते.

ब्रेक ऑइल जवळजवळ दाबले जात नाही, हवा मात्र सहज दबते. म्हणून पायाचा जोर वाया जातो.

हवा काढायला दोघे लागतात. एकाने पेडल दाबून धरायचे, दुसऱ्याने निपलला पारदर्शक नळी लावून ते क्षणभर उघडायचे, बंद करायचे, आणि मगच पहिल्याने पाय उचलायचा. बुडबुडे थांबेपर्यंत हेच. मधे ब्रेक ऑइलची टाकी रिकामी झाली की सगळे पहिल्यापासून!

चाकांचा क्रम गाडीच्या मॅन्युअलप्रमाणे ठेवावा. एबीएसमध्ये हवा शिरली असेल, तर काही गाड्यांना स्कॅनर लावावा लागतो.

तेल सीलबंद डब्यातलेच घ्यावे. डॉट ४ प्रकारचे ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते. त्याचा किमान उत्कलनबिंदू कोरडे असताना २३० अंश सेल्सिअस, तर ओलावा मुरल्यावर १५५. गाडीच्या रंगावर सांडले, तर लगेच पाण्याने धुवावे.